मित्रांची टक्केवारी काढण्याआधी वर्गाची टक्केवारी काढा

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे मी नीट समजून घेतलाय का ते कळेल. तुम्ही समाजशास्त्रात पीएचडी करताय. एका तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलामुलींकडून ‘तुमच्या पाच जवळच्या मित्रमैत्रिणींची नावं लिहा’ असा फॉर्म भरून घेतलात. हिंदू विद्यार्थ्यांनी लिहिलेली बहुतेक नावं हिंदूंची निघाली आणि मुस्लिम विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या नावांत निम्म्याच्या आसपास मुस्लिम. यावरून ‘हिंदू विद्यार्थी जास्त बंदिस्त आहेत’ असं लिहिता येईल का, हा एक प्रश्न. तुमचे गाईड म्हणतात की हाच अभ्यास पुढे नोकरीच्या ठिकाणच्या धार्मिक ओळखीपर्यंत न्यावा, तर तो कसा न्यायचा, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर: नाही, तसं लिहिता येणार नाही. त्याच्या उलटही लिहिता येणार नाही. मी 20 वर्षांहून अधिक काळ कॉलेजांमध्ये आणि काही काळ कारखान्यांत अशी मैत्रीची आणि ओळखीपाळखीची जाळी, म्हणजे कोण कोणाशी जोडलेलं आहे याचे नकाशे, मांडत आलेय. या विषयातली सर्वांत मोठी चूक हीच होते. मित्रांची टक्केवारी निघते, पण मैत्री करायला आजूबाजूला होतं कोण, हे कोणी मोजत नाही.

समजावण्यापुरते आकडे घेऊ. महाराष्ट्राच्या 2011 च्या जनगणनेत हिंदू सुमारे 79.8 टक्के, मुस्लिम 11.5 आणि बौद्ध 5.8 टक्के आहेत. तसाच एक 100 जणांचा वर्ग डोळ्यांपुढे आणा: 80 हिंदू, 12 मुस्लिम, 6 बौद्ध, 2 इतर. सगळ्यांनी डोळे मिटून चिठ्ठ्या उचलून मित्र निवडले, तरी हिंदू मुलाच्या यादीत 80 टक्के नावं हिंदूंचीच येतील, आणि मुस्लिम मुलाच्या यादीत मुस्लिम नावं येतील 11 टक्के, कारण स्वतःला वगळलं की 99 जणांत मुस्लिम उरतात 11. म्हणजे कोणाच्या मनात काहीही नसताना एक जण ‘80 टक्के बंदिस्त’ आणि दुसरा ‘11 टक्के’ दिसला.

आता समजा प्रत्यक्षात हिंदूंच्या यादीत 88 टक्के हिंदू आले आणि मुस्लिमांच्या यादीत 46 टक्के मुस्लिम. हिंदूंचा आकडा 80 वरून 88 वर गेला. वाढायला जागा होती 20 ची, वाढले 8, म्हणजे 0.40. मुस्लिमांचा 11 वरून 46 वर गेला. जागा होती 89 ची, वाढले 35, म्हणजे 0.39. दोन्हीकडची ओढ जवळजवळ सारखी! अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी 1958 साली मांडलेला निर्देशांक तो हाच, आणि तो काढायला वही-पेन पुरतं. तुमच्या कॉलेजात हे दोन आकडे सारखे येतील असं मी म्हणत नाही. ते कसेही येऊ शकतात. पण नुसते 88 आणि 46 शेजारी ठेवून निष्कर्ष काढला, तर तो वर्गाच्या हजेरीपटाबद्दलचा निष्कर्ष असेल, मुलांबद्दलचा नव्हे.

याच वर्गात आणखी एक हिशेब करून पाहा. 12 मुस्लिम मुलांची प्रत्येकी 5 नावं म्हणजे 60. त्यांतली 54 टक्के बिगर-मुस्लिम, म्हणजे 32. ही सगळी मैत्री हिंदूंशी आहे आणि दोन्ही बाजूंनी आहे असं धरलं, तर प्रत्येक मुस्लिम मुलाला सरासरी 2.7 हिंदू मित्र आहेत आणि प्रत्येक हिंदू मुलाला सरासरी 0.4 मुस्लिम मित्र. त्याच 32 मैत्र्या! एका बाजूने मोजल्या तर भरपूर वाटतात, दुसऱ्या बाजूने नगण्य. अल्पसंख्य मुलाला बहुसंख्यांशी जमवून घेण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि बहुसंख्य मुलाचं सगळं शिक्षण एकही मुस्लिम मित्र न होता पार पडू शकतं. ही विषमता खरी आहे आणि तिच्यावर एक अख्खं प्रकरण लिहिता येईल. फक्त तिला ‘बंदिस्तपणा’ म्हणू नका.

देशपातळीवर प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने 2019 च्या अखेरीपासून 2020 च्या मार्चपर्यंत जवळपास 30,000 प्रौढांची पाहणी केली. तिच्यात 86 टक्के हिंदूंनी सांगितलं की त्यांचे जवळचे मित्र सगळे किंवा बहुतेक आपल्याच धर्माचे आहेत. लोक हा आकडा लगेच उचलतात. त्याच पाहणीत शीख 80 टक्के आणि जैन 72 टक्के आहेत, तो भाग मला जास्त विचार करायला लावतो. देशात अर्धा टक्काही नसलेल्या जैनांच्या जवळच्या मित्रांत बहुतेक जैनच, याचा अर्थ चिठ्ठ्या उचलण्यापासून ते फार लांब आहेत. छोट्या समूहाचा लहान आकडा कधीकधी मोठ्या समूहाच्या मोठ्या आकड्यापेक्षा बरंच जास्त सांगतो.

आपल्याकडे ‘समानशीलव्यसनेषु सख्यम्’ म्हणतात. समाजशास्त्रात याला, म्हणजे आपल्यासारख्यांशीच मैत्री होण्याला, होमोफिली म्हणतात. हा शब्द लाझर्सफेल्ड आणि मर्टन यांनी 1954 मध्ये रूढ केला. पण सख्य होण्याआधी गाठ पडावी लागते, आणि गाठी कोण घालून देतं हे तुमच्या अभ्यासाचं खरं पोट आहे. कॉलेजात गाठी घालून देतं ऑफिस. तुकड्या कशा पाडल्या? इंग्रजी माध्यमवाले ‘अ’ तुकडीत आणि बाकीचे ‘ब’, ‘क’ मध्ये, असं आहे का? गावात उर्दू माध्यमाची शाळा असेल तर तिथून दहावी झालेल्या आठ-दहा मुली एकदम येतात, एकत्रच येतात-जातात. त्यांची मैत्री पहिलीपासूनची असते. कॉलेजच्या फॉर्मवर ती ‘धर्म’ म्हणून उमटते, असते ती ‘शाळा’. एसटीचंही तसंच. सकाळी साडेसहाच्या एकाच गाडीने येणारी मुलं दोन महिन्यांत घट्ट होतात, आणि ती कोणत्या गावाहून येते यावर त्या गाडीतल्या मुलांची जात आणि धर्म बराचसा ठरलेला असतो.

म्हणून तुमच्या फॉर्ममध्ये हे चार प्रश्न हवेतच: शाळा कोणती, माध्यम कोणतं, येता कशाने आणि कुठून, प्रॅक्टिकलची बॅच कोणती. बॅचचं मी मुद्दाम सांगतेय. बहुतेक कॉलेजांत रोल नंबर आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षराप्रमाणे लागतात आणि त्याच क्रमाने वीस-वीसची बॅच पडते. मग सय्यद, शेख, शेळके आणि शिंदे एका टेबलाशी येतात, कोणी ठरवून न आणता. अमेरिकेत मेरीलँडच्या पोलीस प्रशिक्षणार्थींवर मॅडी सेगल यांनी 1974 मध्ये केलेला अभ्यास आहे. तिथे खोल्या आणि बसायच्या जागा आडनावाच्या क्रमाने होत्या, आणि मैत्रीही त्याच क्रमाने झाली होती. तुमच्या हातात हे आयतं आलंय. एका बॅचमधल्या शिंदे आणि शेखमध्ये किती मैत्री झाली आणि वेगवेगळ्या बॅचमधल्या शिंदे आणि शेखमध्ये किती, एवढी एक तुलना केलीत तरी संधी आणि आवड यांतला फरक दिसायला लागेल. शेख आडनावाची मुलं मात्र एका बॅचमध्ये साचतात, ते हिशेबात धरा.

दुसरी गोष्ट, मित्राचा मित्र तो आपला मित्र होतो, आणि एकाने मैत्री केली की दुसराही करतो. त्यामुळे सुरुवातीची छोटी ओढ पुढे फुगून दिसते. विमर आणि लुईस यांनी 2010 मध्ये एका अमेरिकन कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या फेसबुकवरच्या मैत्रीवर हे दाखवलं. वंशाची म्हणून दिसणारी एकजिनसी मैत्री हे परिणाम वेगळे काढल्यावर बरीच उतरली. शिवाय ‘आशियाई’ नावाच्या मोठ्या पेटीत चिनी, भारतीय, व्हिएतनामी असे छोटे गट दडले होते. आपल्याकडे ही दुसरी गोष्ट दहापट लागू पडते. ‘हिंदू’ ही पेटी उघडून बघितलीत का? हिंदू मुलाचे 88 टक्के मित्र हिंदू, पण त्यांतले त्याच्या जातीचे किती? आणि ‘मुस्लिम’ पेटीतही बागवान, अत्तार, मुजावर, शिकलगार, तांबोळी आहेत. त्यांची नाती, धंदे आणि मोहल्ले वेगवेगळे आहेत. माझ्या अनुभवात तालुक्याच्या गावी मैत्रीची पहिली भिंत पुष्कळदा जातीची किंवा गावाची निघते आणि धर्माची भिंत तिच्या मागे उभी असते. तुमच्या कॉलेजात काय निघेल ते तुमच्याच आकड्यांनी सांगायचं, पण पेटी न उघडता सांगू नका.

आता फॉर्मबद्दल. माझ्या पहिल्या अभ्यासात मी तुमच्यासारख्याच पाच रिकाम्या ओळी दिल्या होत्या. जवळजवळ प्रत्येकाने पाचही भरल्या. नंतर मुलाखती घेताना एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, दोनच आहेत हो माझ्या. ओळी राहिल्या म्हणून बाकीच्या लिहिल्या.’ ती चूक पूर्णपणे माझी होती, आणि तिच्यामुळे एका वर्षाचं काम मला बाजूला ठेवावं लागलं. तेव्हापासून मी ओळी देत नाही. वर्गाची पूर्ण यादी छापून देते आणि नावांपुढे खुणा करायला सांगते. यादी समोर असली की विसरलेली नावं आठवतात आणि संख्या आपोआप खरी येते.

‘जवळचा मित्र’ हा शब्दही सोडा. तो प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो. कृती विचारा. आजारी पडलात तर नोट्स कोणाकडून घेता? डबा कोणाबरोबर खाता? गेल्या तीन महिन्यांत कोण तुमच्या घरी येऊन गेलं आणि तुम्ही कोणाच्या घरी गेलात? अडचणीला दोनशे-पाचशे रुपये कोणाकडे मागाल? घरी सांगता येत नाही असं काही झालं तर कोणाशी बोलाल? ही पाच वेगळी जाळी आहेत. नोट्स धर्म बघत नाहीत, अक्षर आणि हुशारी बघतात. घरी येणं-जाणं हे मुलांच्या हातात कमी आणि आई-आजीच्या हातात जास्त असतं. या पाच जाळ्यांपैकी नेमकी कोणत्या जाळ्यात धर्म उमटतो आणि कोणत्यात नाही, हे सांगता आलं तर तुमचा प्रबंध वाचण्यासारखा होईल.

डब्याचा एक प्रसंग सांगते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात मी दुपारच्या सुट्टीत जिन्याखाली बसायचे, मुलींच्या डब्यांच्या घोळक्यापासून थोडी लांब. त्यांतली एक मुस्लिम मुलगी रोज दोन डबे आणायची. मोठ्या डब्यात मेथीची किंवा बटाट्याची भाजी आणि पोळ्या. तो मधे उघडून ठेवला जायचा आणि सगळ्याजणी त्यातलं घ्यायच्या. दुसरा छोटा, स्टीलचा, तिच्या मांडीजवळ. तो ती कधी उघडायची, कधी तसाच परत न्यायची. कोणी तिला काही म्हणत नव्हतं. श्रावणात छोटा डबा आलाच नाही. फॉर्मवर त्या सहाजणींनी एकमेकींना खुणा केल्या होत्या, निर्देशांकाच्या भाषेत उत्तम मिश्र गट. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘अम्मीच देते दोन. म्हणते, आपल्यामुळे कोणाला उठून जायला नको.’ या मैत्रीला खोटी म्हणायची माझी हिंमत नाही, ती खरीच होती. पण ती टिकवण्याचं काम कोण करत होतं, हे कुठल्याच टक्केवारीत नव्हतं. म्हणून दर वर्गामागे निदान आठ-दहा मुलाखती आणि थोडं नुसतं बसून पाहणं ठेवाच.

धर्म नोंदवताना आडनावावरून तर्क करू नका. महाराष्ट्रात पाटील, देशमुख, इनामदार मुस्लिमही आहेत. कांबळे बौद्ध असतील, हिंदू असतील, ख्रिस्तीही असतील. गायकवाड तर सगळीकडेच आहेत. कॉलेजच्या रजिस्टरवरही विसंबू नका. 1990 मध्ये बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राच्या पातळीवर मिळाल्या, तरी कितीतरी घरांत दाखल्यावर ‘हिंदू महार’ आणि भिंतीवर बुद्ध-बाबासाहेब असं आजही आहे. ‘तुम्ही स्वतःला कोणत्या धर्माचे मानता?’ हा प्रश्न मोकळा ठेवा, पुढे पर्याय छापू नका. ‘सांगायचं नाही’ हेही उत्तर धरा. जो मुलगा ‘मानव’ लिहितो त्याला मनाने कुठल्या रकान्यात ढकलू नका.

नमुन्याचाही एक घोळ तुमच्या प्रश्नात दिसतो. तुम्ही वेगवेगळ्या तुकड्यांतून थोडी थोडी मुलं घेतलीत. इतर पाहण्यांत हे योग्यच आहे, जाळ्याच्या अभ्यासात मात्र चालत नाही. अ ने ब चं नाव लिहिलं आणि ब तुमच्या नमुन्यातच नाही, तर मैत्री दोन्हीकडून आहे का हे कधीच कळणार नाही. त्यापेक्षा दोन किंवा तीन तुकड्या घ्या, पण पूर्ण घ्या. गैरहजर मुलांकडे पुन्हा पुन्हा जा. दहा जणांमागे आठांहून कमी फॉर्म आले तर त्या तुकडीचं जाळं मी वापरत नाही. आणि एकदाच मोजू नका. प्रवेश संपून वर्ग स्थिरावला की ऑगस्टच्या अखेरीला एकदा आणि फेब्रुवारीत परीक्षेआधी दुसऱ्यांदा मोजा. पहिल्या खेपेला जे दिसतं ते पुष्कळसं शाळा आणि गाव असतं. त्यानंतर तुटलेल्या आणि नव्याने जुळलेल्या मैत्रीत कॉलेजचं काम दिसतं.

नव्याने काय जुळवतं, हे विचारायला विसरू नका. नुसतं शेजारी बसवणं पुरत नाही, हे आता बऱ्यापैकी माहीत आहे. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या 1,261 तरुणांवर महिनाभराच्या क्रिकेट लीगचा प्रयोग केला आणि तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच संघात खेळलेल्यांत जातीपलीकडची मैत्री वाढली. समोरासमोरच्या संघांत खेळण्याने उलट अंतर वाढलं. सल्मा मूसा यांनी इराकमध्ये ख्रिस्ती फुटबॉल संघांत काही ठिकाणी मुस्लिम खेळाडू घातले. त्यांचा अभ्यास 2020 चा. मैदानावरचं वागणं बदललं, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांपर्यंत तो बदल फारसा पोचला नाही. तुमच्या मुलांना विचारा: एनएसएसच्या शिबिरात कोणाबरोबर स्वयंपाक केला, प्रोजेक्ट कोणाबरोबर केला, कबड्डीत कोणाच्या संघात होता.

इथपर्यंतचं थोडक्यात: आधी वर्गाची रचना, मग शाळा-गाव-बॅच, मग जात आणि पोटगट, मग मित्राचा मित्र, आणि एवढं सगळं वजा झाल्यावर जे उरेल त्याच्याबद्दल बोला. मुलगा-मुलगी हा भेद तर सगळ्यांत आधी वेगळा काढा. तालुक्याच्या कॉलेजात तो धर्मापेक्षा कितीतरी मोठा निघतो.

आता नोकरी. गाईड म्हणतात ते चांगलं आहे, पण ‘नोकरीच्या ठिकाणची धार्मिक ओळख’ यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत. दार उघडतं का, हा एक. आत गेल्यावर माणूस कसा राहतो, हा दुसरा.

दाराबद्दल आपल्या देशातला नावाजलेला अभ्यास सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा, 2007 चा. वर्तमानपत्रांतल्या 548 जाहिरातींना त्यांनी 4,808 अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याचे ऑड्स (बोलावणं येणं आणि न येणं यांचं गुणोत्तर) दलित नावाला 0.67 आणि मुस्लिम नावाला 0.33 निघाले. दोन वर्षांनी, 2009 मध्ये, अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांचा दिल्लीचा अभ्यास आला. 371 जागांना 3,160 अर्ज. त्यांत सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत बिगर-उच्चवर्णीय नावांविरुद्ध भेदभावाचा पुरावा मिळाला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत काही गटांबाबत फरक दिसला. हे दोन अभ्यास एकमेकांना खोडतात असं विद्यार्थी लिहितात, ते मला पटत नाही. नोकरी कोणती, कौशल्य कागदावर तपासता येतं की ‘व्यक्तिमत्त्व’ बघून घेतात, यावर बरंच अवलंबून आहे. कॅथरीन न्यूमन आणि सुरिंदर जोधका यांनी 2007 मध्ये मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ व्यवस्थापकांशी बोलून दाखवलं की जात कोणी विचारत नाही, ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारतात. आमच्या मुलांनाही तोच प्रश्न येतो: ‘वडील काय करतात, राहता कुठे?’ गल्लीचं नाव सांगितलं की आणखी काही विचारावं लागत नाही.

धर्म आणि वंश वेगळे कसे काढायचे, याचा एक सुंदर नमुना फ्रान्समधला, 2010 चा. ॲडिडा, लायटिन आणि व्हालफोर यांनी सेनेगलचं एकच आडनाव घेतलं, दियूफ. एक अर्ज मारी दियूफचा, म्हणजे ख्रिस्ती. दुसरा खदिजा दियूफचा. मारीला 21 टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, खदिजाला 8 टक्के ठिकाणांहून. आपल्याकडच्या हिंदू पाटील आणि मुस्लिम पाटील यांच्यावर असं काही रचता येईल, असं मला अनेकदा वाटलंय. पण पीएचडीसाठी हे एकट्याने करू नका. खोटे अर्ज पाठवायचे तर नैतिकता समितीची मंजुरी, शेकडो जाहिराती आणि वर्षभराचा धीर लागतो.

तुम्ही जे करू शकता, आणि कोणी फारसं करत नाही, ते वेगळं आहे. दारापर्यंत कोण पोचतं? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1970 च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या न्यूटन गावातल्या नोकरदारांना विचारलं, ही जागा तुम्हाला कळली कशी. 56 टक्क्यांना ती ओळखीतून कळली होती. आणि ओळखीतून कळलेल्यांत, ज्याच्याशी वरचेवर भेट व्हायची अशा माणसाकडून कळल्याचं प्रमाण जेमतेम 17 टक्के. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून. म्हणजे जिवलग मित्रापेक्षा नोट्सपुरती ओळख असलेला वर्गमित्र नोकरीच्या बाबतीत जास्त उपयोगी पडू शकतो.

तुमचे दोन्ही प्रश्न इथे जोडले जातात. ज्या तुकड्यांचं जाळं तुम्ही मांडाल, त्यांना पदवीनंतर वर्षाने फोन करा आणि एकच साखळी विचारा. या जागेची पहिली बातमी कोणी दिली? त्याला कोणी? शब्द कोणी टाकला? कॉलेजात नोट्स धर्म ओलांडून जात होत्या, तर नोकरीची बातमी तशी गेली का, की ती मामाच्या आणि जमातच्या साखळीत फिरली? मी पाहिलेल्या काही साखळ्यांत नोट्सचा दुवा पदवी झाल्याबरोबर सुटला. मुलांच्या मनात काहीच नव्हतं. घरी येणं-जाणं कधी झालंच नव्हतं, म्हणून पुढे भेटायला निमित्त उरलं नाही. काही साखळ्यांत मात्र एनएसएसच्या शिबिरातली ओळख पाच वर्षांनी कामाला आली. कोणत्या मैत्रीतून बातमी जाते हे तुमच्या पाच जाळ्यांवरून सांगता येईल.

आत गेल्यावरचं जगणं मुलाखतींतूनच कळतं, आणि तिथे पहिला प्रश्न चुकला की सगळं चुकतं. ‘धर्मामुळे तुम्हाला त्रास होतो का?’ असं विचारलंत तर दहापैकी नऊ जण ‘नाही हो, सगळे चांगले आहेत’ म्हणतील. नोकरी असलेला माणूस दुसरं काय सांगणार? ‘तुमच्याकडे खंडेनवमीला काय असतं?’ असं विचारा. शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत काय करता, रोज्यात शिफ्ट कशी मिळते, डबे कुठे उघडतात, 14 एप्रिलचा कार्यक्रम कोण करतं, हे विचारा. आणि मग गप्प बसा.

एका वर्कशॉपमधल्या वयस्क मुस्लिम टर्नरने मला सांगितलं होतं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याचं लेथ तोच रॉकेलने पुसायचा, बेडवरचा बारीक चुरा ब्रशने काढायचा, ग्रीस लावायचा. झेंडूची माळ तोच बांधायचा, कारण मशीनला कुठे बांधली तर चकमध्ये अडकणार नाही हे त्यालाच ठाऊक. आरती सुरू झाली की तो गेटपाशी जाऊन उभा राहायचा आणि पेढा वाटायला लागले की परत यायचा. ‘तीस वर्षं असंच. कोणी थांब म्हटलं नाही, कोणी जा म्हटलं नाही.’ मग एका वर्षी नवा सुपरवायझर आला आणि त्याने सगळ्यांसमोर विचारलं, ‘चाचा, तुम्ही कुठे चाललात?’ त्याने प्रेमाने विचारलं की टोचून, हे चाचांना अजूनही ठरवता येत नव्हतं. पण त्या दिवसापासून गेटपर्यंत चालणं अवघड झालं, असं ते म्हणाले. तुम्हाला ‘ओळख’ अभ्यासायची आहे ना? ती अशा पंधरा पावलांच्या अंतरात असते.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यांत गंभीर. अमेरिकेत 2008 मध्ये ‘टेस्ट्स, टाइज अँड टाइम’ नावाने एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या फेसबुकवरच्या मैत्रीची माहिती अभ्यासकांसाठी खुली झाली. नावं काढली होती, कॉलेजचंही नाव दिलं नव्हतं. सोबतच्या वर्णनावरून थोड्याच दिवसांत ते हार्वर्ड असल्याचं ओळखलं गेलं आणि माहिती मागे घ्यावी लागली. तिथे निदान दीड हजारांवर मुलं होती. तुमच्या 100 च्या वर्गात दोनच ख्रिस्ती असतील, तर नाव काढून काय लपणार? प्रबंधात एका वर्गाचं जाळं धर्मानुसार रंगवून छापलंत, तर त्या गावातला कोणीही बोट ठेवून सांगेल की हा ठिपका म्हणजे कोणाची मुलगी आणि तिच्याकडे जाणारी ती रेघ कोणाच्या मुलाची. आजच्या वातावरणात ती रेघ एखाद्या मुलीचं शिक्षण बंद करू शकते, त्याहून वाईटही घडवू शकते. मी एका वर्गाचं रंगीत जाळं कधीच छापत नाही. तीन-चार वर्गांचे आकडे एकत्र करूनच देते, आणि मुलगा-मुलगी मैत्री धर्मानुसार वेगळी दाखवत नाही, मग परीक्षक काहीही म्हणोत.

एकदा माझ्या एका अभ्यासात फॉर्म गोळा करायचं काम वर्गप्रतिनिधीने केलं. मीच ‘कर’ म्हणाले होते. संध्याकाळपर्यंत कोणी कोणाचं नाव लिहिलं ते वर्गभर झालं आणि एका मुलाचं नाव कोणीच लिहिलं नव्हतं, हेही झालं. तो आठवडाभर आला नाही. तेव्हापासून फॉर्म मी स्वतः बंद पाकिटात घेते आणि वर्गातून निघेपर्यंत हातातून सोडत नाही.

पहिल्या वर्षाची पुष्कळ मुलं प्रवेशाच्या वेळी 17 वर्षांची असतात, म्हणून पालकांची संमती लागेल. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही 18 खालची व्यक्ती मूल मानली आहे. तुमच्या पायलटमध्ये, म्हणजे आत्ता भरून घेतलेल्या या चाचणी फॉर्मच्या वेळी, ही संमती घेतली नसेल, तर ते आकडे प्रबंधात वापरू नका, फॉर्म सुधारण्यापुरतेच ठेवा.

आणि ते भरलेले फॉर्म सध्या कुठे आहेत? डिपार्टमेंटच्या उघड्या कपाटात किंवा तुमच्या बॅगेत असतील तर आजच काढा. प्रत्येक नावाला आकडा द्या, नाव आणि आकडा यांची यादी एका वहीत करा, ती वही घरी कुलपात ठेवा आणि फॉर्मवरची नावं काळ्या मार्करने दोन्ही बाजूंनी खोडा. पाठीमागून उजेडात धरून बघा, बॉलपेनने दाबून लिहिलेलं नाव मार्करखालूनही वाचता येतं.